विश्लेषण : ‘एलएस’, ‘सीपी’, ‘आरएम’ची साफसफाई कशासाठी? मराठी फाइलनावांचा तिच्याशी काय संबंध?

फाइलींची यादी दाखवणे, प्रत काढणे, नाव बदलणे, फाइल पुसणे ही संगणकावरची रोजची कामे काही छोटे प्रोग्राम करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० या लिनक्स आवृत्तीत या प्रोग्रामांचा जुना संच बाजूला ठेवून नव्याने लिहिलेला संच बसवण्यात आला. काही दिवसांतच त्यातील एका उणिवेमुळे आपोआप होणाऱ्या अद्ययावतीकरणाची तपासणी बंद पडली. जुन्या कोडची साफसफाई का करावी लागते, ती करताना काय बिघडू शकते आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात मराठीतून फाइलींना नावे देणाऱ्यांचे त्यात काय अडकले आहे, याविषयी…

ही साधने कोणती?

‘एलएस’ ही आज्ञा फाइलींची यादी देते, ‘सीपी’ प्रत काढते, ‘एमव्ही’ फाइल हलवते आणि ‘आरएम’ पुसते. ही नावे बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीबरोबर १९७१च्या सुमारास रूढ झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केल्यानंतर ही साधने मुक्त स्वरूपात पुन्हा लिहिली गेली. फाइलींची, मजकुराची आणि शेलची अशी त्यांची तीन वेगवेगळी गाठोडी होती. २००२-०३ दरम्यान ती एकत्र होऊन ‘कोअरयुटिल्स’ हा संच तयार झाला. बहुतेक लिनक्स सर्व्हर आजही यावरच चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिच्या तळाशीही हाच संच आहे. पडद्यावर खिडक्या आणि चित्रे दिसत असली, तरी बॅकअप घेणे किंवा जुन्या नोंदी पुसणे यांसारखी कामे रात्री आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट याच आज्ञा वापरतात.

कोडची साफसफाई म्हणजे नेमके काय?

प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे काम तेच ठेवून आतली रचना सुधारणे म्हणजे साफसफाई. एकच काम चार ठिकाणी लिहिलेले असेल तर ते एका जागी आणणे, कोणी वापरत नसलेला भाग काढणे, लांबलचक फंक्शनचे तुकडे करणे, कंपायलरने दिलेल्या इशाऱ्यांची दखल घेणे अशी ही कामे असतात. वापरणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. तरीही ती टाळली तर चुका वर्षानुवर्षे दडून राहतात. ओळी क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्ट’ या साधनात २००९ मध्ये शिरलेली एक चूक २०२५ मध्ये उघडकीस आली. विशिष्ट आकडा दिला की हा प्रोग्राम आपल्या हद्दीबाहेरची, अगोदरच्या जागेतील एक बाइट वाचत असे. सोळा वर्षे ती कोणाच्या नजरेला आली नव्हती.

दिसणारे काम बदलले तर मात्र लगेच ओरड होते. २०१६ मध्ये ‘एलएस’ने मोकळी जागा असलेली नावे पडद्यावर अवतरणचिन्हांत दाखवायला सुरुवात केली. नाव कुठे संपते हे कळावे, एवढाच हेतू होता. तरीही वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केली. जुन्या साधनांच्या सवयी हाच लोकांच्या लेखी नियम झालेला असतो.

उबुंटूत काय घडले?

‘सी’ भाषेत स्मृतीची हद्द सांभाळण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर असते. ‘रस्ट’ या नव्या भाषेत ती बरीचशी कंपायलरच सांभाळतो. म्हणून २०१३ मध्ये ‘यूयूटिल्स’ हा प्रकल्प सुरू झाला आणि जुनी साधने रस्टमध्ये लिहिली जाऊ लागली. उबुंटूची कंपनी कॅनॉनिकलने मार्च २०२५ मध्ये तो स्वीकारण्याचा इरादा जाहीर केला. २५.१० मध्ये तो आल्यावर ‘डेट’ या आज्ञेतील उणीव समोर आली. फाइल शेवटची कधी बदलली ते सांगण्यासाठी या आज्ञेत ‘आर’ हा पर्याय आहे. नव्या प्रोग्राममध्ये त्याची अंमलबजावणीच झालेली नव्हती, त्यामुळे तो त्या क्षणाची तारीख सांगत होता. मागची तपासणी केव्हा झाली हे ठरवणारी स्क्रिप्ट फसली आणि सुरक्षेसाठीचे अद्ययावतीकरण आपोआप तपासले जाईना. हाताने अद्ययावत करणे सुरू होते आणि दुरुस्तीही लवकर आली. चुकीचे उत्तर देताना प्रोग्रामने कसलाही इशारा दिला नव्हता, ही यातील खरी धोक्याची बाब.

भाषा बदलली की प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. ‘आरएम’ एखादा फोल्डर पुसताना आधी तो खरा फोल्डर आहे का हे तपासते आणि मग आत शिरते. या दोन क्षणांच्या मध्ये कोणी फोल्डर काढून त्या जागी दुसरीकडे नेणारा दुवा ठेवला, तर भलत्याच फाइली पुसल्या जाऊ शकतात. रस्टच्या स्वतःच्या मानक संग्रहातील फोल्डर पुसण्याच्या सोयीत हीच चूक होती आणि ती जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त झाली. स्मृतीच्या चुका भाषा अडवू शकते, तर्काच्या चुका चाचण्यांनीच पकडाव्या लागतात. म्हणूनच यूयूटिल्स जीएनयूच्या चाचण्यांचा संच स्वतःवर चालवून घेतो. जीएनयूपेक्षा वेगळे वागणे ही तेथे चूक समजली जाते.

मराठी फाइलनावांची अडचण काय?

ही साधने घडली त्या काळात एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गणित होते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बुलढाणा’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. काना आणि उकार वेगळे धरले तर त्यात सात चिन्हे आहेत आणि संगणकावर तो २१ बाइटचा आहे. ओळीतील ठरावीक अक्षरे कापून देणारे जीएनयूचे ‘कट’ हे साधन ‘अक्षरे’ असा पर्याय देऊनही वर्षानुवर्षे बाइटच मोजत आले. त्याला पहिली चार ‘अक्षरे’ मागितली तर ‘ब’ येतो आणि पुढच्या उकाराचा तुटका तुकडा.

लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरे बसतात, देवनागरीत ८५ चिन्हे. ‘अतिवृष्टीमुळे बाधित शेतकऱ्यांची गावनिहाय यादी’ हे पाच शब्दांचे नावच १२७ बाइट खाते. त्याला तालुका, मंडळ, हंगाम आणि ‘अंतिम सुधारित’ जोडत गेले की मर्यादा जवळ येते आणि प्रत काढताना फाइल नाकारली जाऊ शकते.

एकच नाव, तीन रूपे कशी?

जिल्ह्याचे नाव ‘बुलडाणा’ आणि ‘बुलढाणा’ असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात, पण निदान डोळ्यांना फरक दिसतो. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात तो दिसतही नाही. त्यातील ‘ऱ’ हे युनिकोडमधील एक स्वतंत्र चिन्ह आहे. तेच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही तयार होते. ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टंकूनही ‘ऱ्या’ पडद्यावर तसाच उमटतो. मॅक संगणकांच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलप्रणालीत पहिले रूप साठवताना आपोआप दुसऱ्यात बदलत असे.

लिनक्स नावाची तुलना बाइटला बाइट लावून करते. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ या दिसायला एकाच नावाच्या तीन फाइली सुखाने नांदू शकतात. एकीत नवी नावे भरली गेली आणि बॅकअप दुसरीचा घेतला गेला, तर कोणाचे तरी नाव यादीबाहेर राहील आणि कारण कोणालाही सापडणार नाही. पहिली दोन रूपे एकच मानण्याची सोय एक्स्ट-४ मध्ये २०१९ पासून आहे. मात्र ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि अदृश्य जोडचिन्हाचे तिसरे रूप तिच्याही कक्षेबाहेर राहते.

बुलढाण्यातून यात काय करता येईल?

कार्यालयांपुरता उपाय साधा आहे. फाइलनाव आखूड ठेवावे. गावाच्या नावाऐवजी केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाचा क्रमांक वापरावा, त्यात लिहिण्याचा घोळ होत नाही. सर्वांनी एकच कळफलक वापरावा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’साठी स्वतंत्र जागा आहे. काही पुसण्याआधी नावावर विसंबून न राहता फाइल उघडून पाहावी.

दुसरा उपाय जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या हाती आहे. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि चिखली, बुलढाणा येथेही तांत्रिक शिक्षणाची सोय आहे. यूयूटिल्समध्ये सुधारणा सुचवायला कोणाची शिफारस लागत नाही. मात्र परवाने वेगळे असल्याने जीएनयूचा कोड पाहून लिहिणे तेथे चालत नाही. नवख्यासाठी सर्वांत उपयोगी काम चाचण्यांचे आहे. ‘ऱ’च्या तिन्ही रूपांतील नावे, ८५ आणि ८६ चिन्हांची नावे, ‘सिंदखेड राजा’सारखी मोकळी जागा असलेली नावे देऊन प्रत, हलवणे आणि पुसणे बरोबर होते का, हे तपासणारी चाचणी काही ओळींत लिहिता येते. जुन्याशी तंतोतंत जुळणे हेच नव्या संचाचे ध्येय असल्याने ‘एक अक्षर, एक बाइट’ हे जुने गृहीतकही वारशाने पुढे जाऊ शकते. त्यावर बोट ठेवण्यासाठी रोज मराठी टंकणारा माणूस लागतो. अशी चाचणी एकदा संचात दाखल झाली की पुढची प्रत्येक साफसफाई तिच्यातून पार झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.