खोपीतले जुने इंजिन



आपल्या निफाड-दिंडोरी भागात विहिरीच्या कडेला, पत्र्याच्या खोपीत, जुने डिझेल इंजिन अजून कुठेकुठे दिसते. मोट गेली, इंजिन आले. वीज आली, इंजिन कोपऱ्यात गेले. आता भंगारवाला वजनावर भाव करतो आणि पोरेही म्हणतात, देऊन टाका. द्यायचे तर द्या, पण आधी ते यंत्र नीट बघा.

१९३०च्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिने बनवली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली, आणि खेड्यात ‘किर्लोस्कर’ म्हणजेच इंजिन असे झाले.

त्याची चाल सोपी. हवा ओढायची, दाबायची, जाळायची, धूर बाहेर टाकायचा. ठिणगीचा प्लग नाही. दाबलेली हवा एवढी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. चारांतला एकच टप्पा जोर देतो, बाकीचे तीन चाकाच्या फिरत्या जोरावर निघतात. म्हणून तर ती चाके एवढी जड. विलायतेतले लिस्टरचे ५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेई, म्हणजे ३०० वेळा जळण. तोच तो ठक्-ठक् आवाज!

सुरू करताना दाब सोडणारी खिटी उचलायची, हॅन्डल मारून चाकाला वेग द्यायचा आणि खिटी पाडायची. अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवावा, हॅन्डल उलटे फिरले तर मनगट जाते. पट्ट्याजवळ उपरणे, धोतराचा सोगा नको.

पूर्ण भारावर अशा इंजिनाला तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल लागे. त्यामुळे पाणी मोजून दिले जाई. दंड फुटला की माणूस फावडे घेऊन पळे. आज मोटार रात्री चालू करून आपण झोपतो. एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिलही माफ आहे. सवलत चांगलीच, पण उसाला बिल कळत नाही. सरीत पाणी साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही, फुटवे पिवळे पडतात, आणि भारी काळ्या जमिनीत खाली निचरा नसेल तर क्षार वर येतात. मग सभासद खत कमी पडले म्हणतात. मोटार चालू केल्याचे आणि बंद केल्याचे तास भिंतीवर खडूने लिहायला काय हरकत आहे?

इंजिन ठेवायचे असेल तर खिटी उचलून चाक हाताने फिरवून बघावे. फिरले तर पिस्टन जाम नाही. जुने ऑईल काढावे, डिझेलची टाकी धुवावी, थंड पाण्याची नळी मोकळी आहे का बघावी आणि मगच मिस्त्रीला बोलवावे.