कंसातलं जुनं नाव

सातबाऱ्याचा उतारा ज्यानं नीट वाचला आहे, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. जमीन विकली, वारसाची नोंद लागली, भावाभावांत वाटणी झाली, तरी जुन्या खातेदाराचं नाव तिथून पुसलं जात नाही. त्याला कंस होतो आणि शेजारी वर्तुळात एक आकडा येतो. हा फेरफाराचा क्रमांक. तो घेऊन गाव नमुना सहाची वही उघडली, की बदल कधी झाला, कशामुळं झाला, कोणी मंजूर केला, हे सारं हाती लागतं. तलाठ्यानं नोंद घ्यायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत ठेवायची आणि मग मंडळ अधिकाऱ्यानं ती प्रमाणित करायची, असा हा क्रम. वह्या संगणकात गेल्या, तरी तत्त्व तेच राहिलं. बदल करा, पण आधी काय होतं ते राहू द्या.

आता जरा घरातल्या संगणकाकडे पाहा. मुलीचा प्रबंध, वडिलांचा शेतीचा हिशेब, घराच्या बांधकामाचा अंदाज, सगळं तिथंच असतं. फाइलींची नावं मात्र कशी? ‘प्रबंध’, ‘प्रबंध नवा’, ‘प्रबंध अंतिम’, ‘प्रबंध अंतिम दोन’ आणि शेवटी ‘हाच घ्यावा’. मार्गदर्शक म्हणतात, गेल्या महिन्यातला तो परिच्छेदच बरा होता. तो यांतल्या कोणत्या फाइलीत आहे, हे शोधता शोधता रात्र सरते. कित्येकदा तो कुठंच नसतो. त्याच्यावर नवा मजकूर टाइप झालेला असतो आणि कंसात ठेवायचं कुणाला सुचलेलं नसतं.

ही अडचण आजची नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सांगितली गेली. पुढं हातानं नकला होत गेल्या. कुणी शब्द सोपा केला, कुणी चुकून ओळ गाळली, कुणी आपली ओवी घातली. शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथमहाराजांनी ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढं यात कुणी स्वतःची ओवी घालू नये, असं बजावलं. मधल्या २९४ वर्षांत कोणता बदल कोणी व कधी केला, याची वही मात्र नव्हती. महाभारताचंही तेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ मध्ये पुरं झालं. पोथ्या जमवून ओळीला ओळ ताडायची आणि वेगळे पाठ तळटीपेत जपायचे, यात विद्वानांच्या पिढ्या खपल्या. जो बदल होतानाच नोंदवला नाही, तो नंतर शोधायला एवढं मोल पडतं.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला हे वेगळं सांगायला नको. या गावाचं जुनं नाव वाढोणा. परमेश्वराच्या देवस्थानाच्या निमित्तानं ते आजही लोकांच्या तोंडी आहे. म्हणजे गावाचं नावसुद्धा कंसात जुनी आवृत्ती बाळगून आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दफ्तराची भाषा होती उर्दू. त्यामुळं मराठवाड्यात अनेक घरांच्या पेटीत आजोबा-पणजोबांचे उर्दू कागद असतात आणि घरात ते वाचणारं कुणी नसतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातली जुनी दफ्तरं धुंडाळली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची किंमत सगळ्यांना कळली.

समजा, अशाच एका घरातल्या नातीनं हे कागद मराठीत उतरवून संगणकात ठेवायचं मनावर घेतलं. उर्दूत शब्दाच्या मध्ये आलेल्या ब, त आणि न या अक्षरांचा आकार सारखाच. फरक फक्त नुक्त्यांचा. शाई उडाली, की एक जाणकार एक नाव वाचतो, दुसरा दुसरंच. नातीनं दुसऱ्याचं ऐकून पहिलं नाव खोडलं आणि वर्षभरानं पहिलंच बरोबर ठरलं, तर? नाव गेलं, त्याबरोबर नात्याचा धागाही गेला.

संगणकाची कामं करणाऱ्यांनी यावर तोड फार पूर्वी काढली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी प्रोग्रॅममधले बदल नोंदवत जाणारी पहिली व्यवस्था रचली. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी ‘गिट’ तयार केलं. आज जगभरचे प्रोग्रॅमर तेच वापरतात. ते फुकट मिळतं आणि एकदा संगणकात बसवलं, की इंटरनेट नसतानाही चालतं.

त्याची रीत फेरफाराच्या वहीसारखीच आहे. ज्या फोल्डरवर नजर ठेवायची, तिथं ‘गिट इनिट’ ही आज्ञा एकदा द्यायची. म्हणजे वही उघडली. काम झालं, की ‘गिट अ‍ॅड’ म्हणून कोणत्या फाइली नोंदवायच्या ते सांगायचं आणि ‘गिट कमिट’ म्हणून नोंद पक्की करायची. सोबत एक ओळ लिहायची: ‘पान ७ वरचं नाव दुसऱ्या वाचनानुसार बदललं, नुक्ता अस्पष्ट.’ प्रत्येक नोंदीला तारीख, नोंदवणाऱ्याचं नाव आणि ४० अक्षर-आकड्यांचा क्रमांक आपोआप मिळतो. ‘गिट लॉग’ म्हटलं, की सगळी वही समोर येते. फोल्डरमध्ये फाइल मात्र एकच दिसते. ‘अंतिम दोन’ची गरज उरत नाही.

काही पथ्यं पाळायला हवीत. साध्या मजकुराच्या फाइलीत गिट ओळीओळीचा फरक दाखवतं. वर्डच्या फाइलीत तो तसा उलगडून दिसत नाही. मोठे व्हिडिओ त्यात घालू नयेत, वही फुगते. बँकेचे पासवर्ड तर मुळीच नकोत, कारण जुनं न पुसणं हाच त्याचा गुण. नको ते आत गेलं, की बाहेर काढणं जिकिरीचं होतं. शिवाय वही आणि कागद एकाच संगणकात असतील, तर संगणक बिघडल्यावर दोन्ही जातात. म्हणून पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर एक प्रत असलीच पाहिजे.

ज्यांना या आज्ञा अवघड वाटतात, त्यांनी गूगल डॉक्समधला जुन्या आवृत्त्यांचा इतिहास उघडून पाहावा. तेही नको असेल, तर फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा आणि शेजारी एका वहीत बदलाचं कारण टिपावं. कारणाची ती एक ओळ सर्वांत मोलाची. काय बदललं ते यंत्र सांगेल. का बदललं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि सहा महिन्यांनी त्यालाही आठवत नाही.

पुढच्या पिढीतलं कुणीतरी एके दिवशी हे फोल्डर उघडील. त्याला पणजोबांचं नाव सापडेल, शेजारी कंसातलं दुसरं वाचनही सापडेल आणि दोहोंपैकी कोणतं खरं, हे ठरवायची संधी त्याच्या हाती असेल.