सत्यम घोटाळा: फुगवलेला नफा, कागदावरची रोकड

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून गैरव्यवहाराची कबुली दिली. ताळेबंदात रोख व बँकशिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते.

हे कसे घडले? खोटी बिले दाखवून उत्पन्न फुगवले गेले. पण नफा दाखवला की त्याचा पैसाही कुठेतरी दिसावा लागतो. म्हणून बनावट मुदतठेवी आणि बँकांची खोटी विवरणपत्रे तयार झाली. तफावत दरवर्षी वाढत गेली. डिसेंबर २००८ मध्ये राजू कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या विकत घेऊन हा खड्डा बुजवण्याचा प्रयत्न झाला. गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे तो काही तासांतच सोडावा लागला.

बँकेकडून थेट खातरजमा करणे हे लेखापरीक्षकाचे काम आणि प्रश्न विचारणे हे स्वतंत्र संचालकांचे. दोन्ही पहारे ढिले पडले. पुढे टेक महिंद्राने कंपनी ताब्यात घेतली, म्हणून हजारो नोकऱ्या वाचल्या. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक काळाने लेखापरीक्षक बदलणे अनेक कंपन्यांना बंधनकारक केले. तरीही भागधारकांनो, वार्षिक अहवालातील लेखापरीक्षकाचा शेरा आणि प्रवर्तकांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार जरूर वाचा. शंका आली तर सर्वसाधारण सभेत विचारा. तो तुमचा हक्क आहे.