बंद असतानाही जपावे लागते वीजकेंद्र : उरण आणि दाभोळच्या निमित्ताने गॅसआधारित प्रकल्पांच्या संचालनाचा वेध

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने विद्युत कायदा, २००३ मधील कलम ११ चा आधार घेऊन देशातील गॅसआधारित वीजकेंद्रांना १ मे ते ३० जून या काळात उत्पादनासाठी सज्ज राहण्याचे निर्देश दिले. उन्हाळ्यातील वाढत्या मागणीची ही पूर्वतयारी होती. पुढे ३० मे रोजी देशाची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॅटपर्यंत पोहोचली. त्या वेळी देशात नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या केंद्रांची क्षमता सुमारे २५ हजार मेगावॅट होती. मात्र वर्षभरातील एकूण वीजनिर्मितीत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच होता. याचा अर्थ, यातील बरेच संच वर्षातील मोठा काळ बंद किंवा अल्प भारावर असतात आणि मागणी वाढताच त्यांनी तत्काळ उभे राहावे, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा पूर्ण होणे केवळ इंधनाच्या उपलब्धतेवर अवलंबून नसते. बंद काळात यंत्रे कशी जपली गेली, यावरही ते ठरते. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील उरण आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ या दोन प्रकल्पांच्या वाटचालीतून गॅसआधारित केंद्राचे संचालन आणि देखभाल यांतील गुंतागुंत स्पष्ट होते.

एकाच इंधनातून दोनदा वीज

उरण येथील महानिर्मिती कंपनीच्या केंद्राचा पाया तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने घातला. मुंबईलगतच्या समुद्रातील तेलक्षेत्रांतून येणारा नैसर्गिक वायू उरणच्या किनाऱ्यावर उपलब्ध झाल्यामुळे या जागेची निवड झाली. १९८२ मध्ये येथे ६० मेगावॅटचे संच सुरू झाले आणि १९८५-८६ च्या सुमारास १०८ मेगावॅटचे चार संच उभे राहिले. आधीचे लहान संच कालांतराने सेवेतून निवृत्त झाले.

गॅस टर्बाइनमध्ये बाहेरील हवा कंप्रेसरद्वारे दाबली जाते, ज्वलनकक्षात तिच्यात नैसर्गिक वायू मिसळून जाळला जातो आणि निर्माण झालेल्या तप्त झोताने टर्बाइनची पाती फिरतात. ५० हर्ट्झच्या ग्रीडसाठीची मोठी यंत्रे मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतात. पाती फिरवून बाहेर पडणारा झोतही पाचशे ते सहाशे अंश सेल्सिअस इतका उष्ण असतो. तो धुराड्यातून सोडून दिल्यास इंधनातील जवळपास दोनतृतीयांश ऊर्जा वाया जाते. म्हणून त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करून दुसरे, वाफेचे टर्बाइन चालवले जाते. या व्यवस्थेला संयुक्त चक्र म्हणतात. उरण येथे १९९४ मध्ये १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच जोडण्यात आले. त्यामुळे अतिरिक्त इंधन न जाळता २४० मेगावॅटची भर पडली आणि १०८ मेगावॅटच्या चार संचांसह ही क्षमता ६७२ मेगावॅट झाली. आधुनिक यंत्रांमध्ये संयुक्त चक्राची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या पुढे जाते. कोळशावरील केंद्रांना हा टप्पा गाठता येत नाही.

या जोडणीमुळे देखभालीचे स्वरूपही बदलते. गॅस टर्बाइन अर्ध्या तासाच्या आसपास पूर्ण वेगाने चालू लागते. बॉयलरच्या जाड भिंतींना मात्र इतकी घाई सोसत नाही. धातूचा एक भाग तापलेला आणि दुसरा थंड राहिल्यास त्यात ताण निर्माण होतो व कालांतराने तडे जातात. त्यामुळे पूर्णपणे थंड झालेले संयुक्त चक्र भारावर आणण्यास काही तास लागतात. नियंत्रण कक्षातील अभियंत्याला ग्रीडची निकड आणि धातूची सहनशक्ती यांचा मेळ घालावा लागतो.

यंत्राचे वय मोजण्याची रीत

मोटारीचे वय किलोमीटरमध्ये सांगतात. गॅस टर्बाइनचे वय दोन मापांनी मोजले जाते. पहिले माप म्हणजे ज्वलनासह चाललेले तास आणि दुसरे म्हणजे यंत्र किती वेळा सुरू केले त्याची संख्या. अखंड चालणाऱ्या यंत्रात उच्च तापमानामुळे पाती हळूहळू ताणली जातात आणि त्यांवरील संरक्षक लेप झिजतो. वारंवार सुरू-बंद होणाऱ्या यंत्रात तापणे आणि निवणे यांच्या आवर्तनांमुळे धातू थकतो.

दाभोळ प्रकल्पात जनरल इलेक्ट्रिक कंपनीची ‘९एफए’ वर्गातील टर्बाइन आहेत. त्यांच्या ज्वलनकक्षातून पात्यांवर येणाऱ्या झोताचे तापमान तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पात्यांचा मिश्रधातू इतक्या उष्णतेत थेट तग धरू शकत नाही. पात्यांमधील बारीक वाहिन्यांतून हवा खेळवून त्यांना थंड ठेवावे लागते. या वर्गातील यंत्रांसाठी साधारणतः ८ हजार तासांनी ज्वलनकक्षाची, २४ हजार तासांनी तप्त झोताच्या संपूर्ण मार्गाची आणि ४८ हजार तासांनी संपूर्ण यंत्र उघडून तपासणी करण्याचा प्रघात आहे. तासांची किंवा सुरुवातींची मर्यादा, यांपैकी जी आधी येईल ती पाळावी लागते.

पूर्ण भारावर असलेले यंत्र एखाद्या दोषामुळे अचानक बंद पडणे सर्वाधिक हानिकारक ठरते. उत्पादक कंपनीच्या गणनापद्धतीनुसार अशा एका घटनेने यंत्राची झीज आठ वेळा सुरू केल्याइतकी होते. नादुरुस्त संवेदक किंवा सैल झालेली तार यांसारख्या किरकोळ कारणानेही यंत्र बंद पडू शकते. म्हणूनच उपकरणांची नियमित पडताळणी हे दुय्यम वाटणारे काम प्रत्यक्षात कोट्यवधी रुपयांच्या पात्यांचे आयुष्य वाचवत असते.

दोन मोठ्या तपासण्यांच्या दरम्यान यंत्र न उघडता, बोरोस्कोप या दुर्बिणीसारख्या उपकरणाने पाती आतून पाहिली जातात. बाहेर काढलेले तप्त भाग लगेच भंगारात जात नाहीत. त्यांचा लेप नव्याने चढवून, तडे बुजवून ते पुढील फेरीसाठी सिद्ध केले जातात. हे सुटे भाग विशिष्ट उत्पादकांकडूनच मिळतात, ते महाग असतात आणि त्यांची मागणी बरीच आधी नोंदवावी लागते. तपासणीसाठी यंत्र उघडले आणि भाग आलेच नाहीत, तर आठवड्यांचे काम महिन्यांवर जाते.

पंधरा मिनिटांचे वेळापत्रक

देशातील वीजपुरवठ्याचे नियोजन दिवसाचे प्रत्येकी पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून केले जाते. प्रत्येक भागात किती वीज देता येईल हे केंद्राने आदल्या दिवशी कळवायचे आणि भार प्रेषण केंद्राने त्यानुसार आराखडा द्यायचा, अशी ही पद्धत आहे. आराखड्यापेक्षा कमी-अधिक निर्मिती झाल्यास त्याचा आर्थिक भार केंद्रावर पडतो.

गॅसआधारित केंद्राला त्याच वेळी वायूवाहिनीचा हिशेबही सांभाळावा लागतो. दुसऱ्या दिवशी किती वायू घेणार, याची मागणी पुरवठादार आणि वाहिनीचालक यांच्याकडे आधीच नोंदवावी लागते. कोळसा आवारात साठवता येतो. वाहिनीतून येणाऱ्या वायूचा तसा साठा केंद्राजवळ नसतो. दुपारी सौर ऊर्जा वाढल्यामुळे विजेची मागणी घटली, तर वायूची नोंदवलेली उचल कमी होते. सायंकाळी मागणी वाढली, तर वायू अपुरा पडू शकतो. दोन्ही बाजूंच्या करारांत दंडाची तरतूद असल्याने संचालन विभागाला विजेचे आणि वायूचे अशी दोन वेळापत्रके एकमेकांशी सतत जुळवून घ्यावी लागतात.

हवामानाचाही हिशेब असतो. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे तापमान एक अंशाने वाढल्यास टर्बाइनची क्षमता साधारण अर्धा ते एक टक्क्याने घटते. मागणी शिखरावर असते त्याच दुपारी यंत्राची ताकद कमी झालेली असते. कोकण किनाऱ्यावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती कंप्रेसर फिरवण्यातच खर्ची पडते. त्यामुळे कंप्रेसरच्या पात्यांवर मीठ आणि धूळ बसली की निर्मिती घटते आणि इंधनाचा वापर वाढतो. गाळण्या वेळेवर बदलणे आणि कंप्रेसर ठरावीक काळाने धुणे, हा येथील देखभालीचा नित्यक्रम असतो.

दाभोळचा धडा

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे उभा असलेला प्रकल्प वाशिष्ठी खाडीच्या पलीकडील दाभोळच्या नावाने ओळखला जातो. एन्रॉनच्या पुढाकाराने उभारलेल्या या प्रकल्पाचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. वीजदरावरून निर्माण झालेल्या वादानंतर मे २००१ मध्ये निर्मिती थांबली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर समुद्रकिनाऱ्यावरील ही यंत्रसामग्री सुमारे पाच वर्षे बंद राहिली. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीची स्थापना झाली आणि २००६ पासून प्रकल्प टप्प्याटप्प्याने पुन्हा कार्यान्वित करण्यात आला. प्रत्येकी दोन गॅस टर्बाइन आणि एक वाफेचे टर्बाइन असलेल्या तीन विभागांची एकूण क्षमता १,९६७ मेगावॅट आहे.

पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घटले आणि पुरवठा आटल्याने २०१३ च्या अखेरीस प्रकल्प पुन्हा थांबला. नोव्हेंबर २०१५ मध्ये आयात वायूसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून रेल्वेला वीज देण्यासाठी तो सुरू झाला. ही वीज प्रथम महाराष्ट्रासह काही राज्यांत आणि नंतर मध्य प्रदेशातही रेल्वेसाठी वापरण्यात आली. जबलपूर मुख्यालय असलेल्या पश्चिम मध्य रेल्वेच्या गाड्यांपर्यंत कोकणातील या केंद्राचा संबंध अशा रीतीने पोहोचला.

प्रकल्पालगत आयात द्रवरूप वायूचे टर्मिनलही आहे. हा वायू उणे १६२ अंश सेल्सिअस तापमानात जहाजातून येतो. मात्र लाटरोधक बांध अपूर्ण राहिल्याने पावसाळ्यात जहाजे लावणे शक्य होत नसे. किनाऱ्यावर एका बांधकामाची उणीव राहिली, तर केंद्राचे इंधन नियोजन ऋतूंशी कसे बांधले जाते, हे यातून दिसून आले.

थांबलेल्या यंत्राची निगा

बंद यंत्र झिजत नाही, हा समज चुकीचा आहे. टर्बाइन थांबल्यानंतर त्याचा अनेक टन वजनाचा तप्त दंडगोल तसाच सोडल्यास असमान निवण्यामुळे तो वाकतो. त्यामुळे तो पूर्ण थंड होईपर्यंत संथ गतीने फिरवत ठेवला जातो. बॉयलरच्या नळ्यांत हवा आणि ओलावा राहिल्यास आतून गंज चढतो. काही दिवसांचाच थांबा असेल, तर प्राणवायू काढून टाकलेले पाणी नळ्यांत भरून ठेवतात. दीर्घ थांब्यासाठी नळ्या पूर्ण कोरड्या करून त्यांत नायट्रोजन भरला जातो किंवा कोरडी हवा खेळती ठेवली जाते.

याखेरीज वंगण तेलाची चाचणी, जनित्राच्या गुंडाळीतील ओलावा रोखणे, आणीबाणीच्या बॅटऱ्यांची तपासणी, पंप ठरावीक काळाने फिरवून पाहणे आणि समुद्राच्या पाण्याच्या वाहिन्यांत वाढणारे शिंपले काढणे, ही कामे एक युनिटही वीज निर्माण होत नसताना करावी लागतात. त्यांचा खर्च दिसतो, उत्पन्न मात्र दिसत नाही. म्हणूनच आर्थिक ओढाताणीत पहिली कात्री याच कामांना लागण्याचा धोका असतो. त्याची किंमत पुढे यंत्र सुरू करण्याच्या दिवशी मोजावी लागते.

सुरक्षिततेला पर्याय नाही

हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की ते मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते. त्यामुळे गळती ओळखणारे संवेदक सदैव चालू ठेवावे लागतात. टर्बाइन पेटवण्यापूर्वी त्याच्या आणि बॉयलरच्या मार्गातून पुरेशी हवा घालवून उरलेला वायू बाहेर काढणे बंधनकारक असते. कितीही घाई असली, तरी ही मिनिटे वाचवता येत नाहीत. दाबाखालील वाफ आणि उकळते पाणी यांपासूनही तितकेच भय असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये उरण केंद्रात झालेल्या स्फोटात मनुष्यहानी झाली होती.

दुरुस्तीपूर्वी लेखी परवाना घेणे, झडपा आणि वीजजोडण्या बंद करून त्यांना कुलूप व पाटी लावणे, तसेच काम संपल्यावर माणसे आणि अवजारे मोजून परवाना परत करणे, ही पद्धत अशा प्रसंगांसाठीच आहे. पाळी बदलताना दिलेली अर्धवट माहिती अपघाताला निमित्त ठरू शकते. त्यामुळे पाळीच्या नोंदवहीला या व्यवसायात मोठे महत्त्व आहे. केंद्र दीर्घकाळ बंद राहिले, तर अनुभवी मनुष्यबळ अन्यत्र जाते. यंत्राप्रमाणे माणसांचे कौशल्यही सरावाअभावी गंजते.

पुढील वाटचाल

सौर ऊर्जेचा वाटा वाढत असल्याने सूर्यास्तानंतरच्या काही तासांत वेगाने भार उचलणाऱ्या स्रोतांची गरज वाढत आहे. जलविद्युत, उदंचन प्रकल्प आणि बॅटरी साठवणूक यांच्यासह गॅस टर्बाइन हा त्यातील एक पर्याय आहे. आयात वायूचा चढा दर ही त्याची मोठी मर्यादा आहे. शिवाय अखंड चालण्यासाठी उभारलेली यंत्रे रोज सुरू-बंद केल्यास तपासण्यांचे वेळापत्रक आणि सुट्या भागांचा खर्च दोन्ही बदलतात.

त्यामुळे अशा केंद्रांकडून केवळ गरजेच्या दिवसांत वीज हवी असेल, तर उरलेल्या दिवसांतील निगराणीचा खर्च कोणी उचलायचा, हे वीजदराच्या व्यवस्थेत स्पष्ट असणे आवश्यक आहे. ही तरतूद नसेल, तर ऐन उन्हाळ्यात निघालेल्या सज्जतेच्या आदेशाला कागदावरील क्षमतेपलीकडे फारसा प्रतिसाद मिळणार नाही.