कालप्रवाशाचा गळपट्टा

विज्ञानकथा म्हटली की पोलादी यंत्रे, काचेची शिरस्त्राणे आणि ताऱ्यांमधला निर्वात अंधार हीच चित्रे मनश्चक्षूंपुढे उभी राहतात. परंतु १९६३ साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील कालप्रवासी नायकाची ओळख ठरला तो हाताने विणलेला एक लांबलचक गळपट्टा. १९७४ साली टॉम बेकर यांनी ही भूमिका स्वीकारली, तेव्हा वेशभूषाकार जेम्स अचेसन यांनी रंगीबेरंगी लोकर बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंच्या हवाली केली. आणि त्यातली किती वापरायची याचा खुलासा नसल्यामुळे त्यांनी, हाती आली तेवढी सारी, मोठ्या निष्ठेने विणून टाकली. गैरसमजातून जन्मलेली ती अवाढव्य लांबीच सर्वांना पसंत पडून कायम झाली.

या गळपट्ट्याची वीण नवशिक्यालाही साधेल अशी आहे. प्रत्येक ओळ सुलट टाक्यांचीच असल्याने कापड दोन्ही अंगांनी सारखे दिसते, कडा वळत नाहीत, आणि उंचवट्यांमध्ये कोंडलेली हवा ऊब जतन करते.

गळपट्ट्यापुढे जाऊन कानटोपीवर ग्रह किंवा अंतराळयान विणण्याची ज्यांची मनीषा असेल, त्यांनी एक गोष्ट ध्यानी धरावी: एका बाजूने सुलट व दुसऱ्या बाजूने उलट अशा नेहमीच्या विणीतला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून चौकटीच्या कागदावरचा वाटोळा ग्रह लोकरीत चपटा उतरतो, तेव्हा आधी नमुन्याचा तुकडा विणून, मोजून, त्या प्रमाणात ओळी वाढवाव्यात. कल्पनेच्या अनंत आकाशाला मानवी हातांची ऊब लाभते ती अशा धीराच्या मोजमापातूनच.