दाताचा सिरॅमिक ब्रॅकेट निघाला? फेकू नका, घरी चिकटवूही नका!

वाकडे दात सरळ करताना तार धरून ठेवणारा दाताच्या रंगाचा सिरॅमिक ब्रॅकेट ऊस किंवा कडक भाकरी चावताना सुटू शकतो. मग घरातलं फेविक्विक लावायचा मोह होतो. हा उद्योग अजिबात नको. काही ब्रॅकेटच्या पाठीवर बारीक खाचा असतात, त्यातच चिकटवणी घट्ट धरते. गोंदाने त्या बुजतात.

खाचांत अडकलेली जुनी चिकटवणी काढणं हेच खरं किचकट काम. जोरात घासली तर खाचाही झिजतात. म्हणून काही डॉक्टर ब्रॅकेट चिमट्यात धरून ज्योतीवर तापवतात, चिकटवणी जळून जाते. काही जण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडची पूड हवेच्या दाबाने मारतात, पण तीही जपूनच. नंतर पाठीला सिलेनचा पातळ थर लागतो. सिरॅमिकला चिकटवणीशी तोच जोडतो. दातावर ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात, कोरडं करतात, ब्रॅकेट बसवून निळ्या प्रकाशाने चिकटवणी कडक करतात.

ब्रॅकेटला तडा गेला असेल तर मात्र नवाच लागतो. सुटलेला ब्रॅकेट डबीत घालून दवाखान्यात न्या. तारेला लोंबकळत असेल तर ओढू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.