सायकलची यंत्ररचना – लेखांक सातवा : पकड आणि घसरण

सायकलचे हँडल आणि सीट हे भाग चौकटीला कायमचे जोडलेले नसतात. स्वाराच्या उंचीप्रमाणे ते वर-खाली करता यावेत म्हणून केवळ आवळून बसवलेले असतात, आणि ही सोयच त्यांच्या घसरण्याचे मूळ असते. मागील लेखांकात ब्रेकचा विचार झाला. उतारावर ब्रेक दाबताच स्वाराचा भार पुढे झेपावतो तो हँडलवरच, म्हणून त्यापाठोपाठ पकडीचा विचार ओघानेच येतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत त्याचे महत्त्व अधिक आहे, कारण नारायणगाव-मंचरच्या सपाटीवर महिनोन्‌महिने जागची न हललेली सीट घोडेगाव-डिंभेमार्गे भीमाशंकरला किंवा घाटघरवरून नाणेघाटाकडे जाताना, खड्डे, चढउतार आणि पावसाळी चिखल एकत्र आले की, एकाच फेरीत खाली बसू लागते.

सीटची नळी, जिला दुकानांत सीटपोस्ट किंवा सीट पिलर म्हणतात, चौकटीच्या उभ्या नळीत सरकवलेली असते. उभ्या नळीच्या तोंडाशी एक चीर असते आणि तिच्याभोवती क्लॅम्प, म्हणजे बोल्टाने आवळता येणारे कडे, बसवलेले असते. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव जशी लाकडाला चोहोबाजूंनी दाबून धरते, तसे हे कडे आवळले जाताना सीटपोस्टला दाबते आणि त्या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण भार पेलते. 5 मिलिमीटर जाडीचा बोल्ट 5 न्यूटन-मीटर इतका पिळला, म्हणजे 10 सेंटीमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाशी सुमारे 5 किलो वजनाइतका जोर लावला, तर बोल्टात सुमारे 500 किलो वजनाइतका ताण निर्माण होतो. हा सर्व ताण सीटपोस्टवर दाब होऊन उतरला, तर ढोबळ हिशेबाने ती चारशे किलोंहून अधिक भारालाही सरकणार नाही, आणि 70 किलोंचा स्वार खड्ड्यात आदळला तरी एवढी पकड सहसा पुरते. तरीही सीट खाली बसत असेल, तर त्याचा अर्थ ताण वाटेत कोठेतरी खर्ची पडत आहे असा होतो, आणि खरी दुरुस्ती म्हणजे ती गळती शोधणे होय. बोल्ट अधिक जोराने आवळत राहिल्यास आटे झिजतात किंवा बोल्ट तुटतो.

पहिली गळती मापाची असते. सीटपोस्ट 27.2, 30.9, 31.6 अशा ठरावीक मिलिमीटर मापांत मिळते, आणि एक-दोन दशांश मिलिमीटरने बारीक नळी बसवली तर बोल्टाची बरीचशी शक्ती चौकटीची नळी वाकवण्यातच संपते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, व्हर्निअर कॅलिपरने मात्र लगेच कळतो. योग्य मापाची नळी घेणे हा यावरचा खरा उपाय असून, तोपर्यंत पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी नळीभोवती देता येते. दुसरी गळती फटीची असते : कड्याची दोन टोके एकमेकांना टेकली की पुढचा सारा जोर टोकावर टोक दाबण्यात जातो, म्हणून पूर्ण आवळल्यानंतरही मध्ये फट उरली पाहिजे. तिसरी गळती गंजलेल्या आट्यांची असते, कारण तेथे हाताचा जोर बोल्ट ताणण्याऐवजी घासण्यात खपतो. यासाठी बोल्टाच्या आट्यांवर आणि डोक्याखाली ग्रीस लावावे.

नळीच्या पृष्ठभागाची गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेला चिखल चिरेतून आत शिरतो आणि त्याचा थर घर्षण कमी करतो, म्हणून नळी बाहेर काढून दोन्ही पृष्ठभाग पुसणे ही पहिली पायरी होय. धातूच्या नळीला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावाच लागतो, अन्यथा पोलादी चौकटीत ॲल्युमिनियमची नळी ओलाव्याने गंज धरून कायमची अडकते. कार्बन तंतूंच्या नळीला ग्रीस वर्ज्य आहे. तिच्यासाठी बारीक कण मिसळलेली पेस्ट मिळते, जिचे कण दोन पृष्ठभागांत रुतून कमी दाबातही पकड वाढवतात. ही पेस्ट धातूच्या हट्टी नळीलाही उपयोगी पडते.

हँडलच्या बाबतीत भार त्याला सरकवत नाही, फिरवतो. हँडल ज्या आखूड दांड्याला पुढून झाकणाने आवळलेले असते त्याला स्टेम म्हणतात. पकडीच्या जागी 25.4 मिलिमीटर व्यासाऐवजी 31.8 मिलिमीटर व्यास रूढ झाला, त्याचा एक लाभ असा की तेवढ्याच दाबात हँडलला फिरण्यापासून रोखणारी शक्ती सुमारे सव्वापट होते. झाकणाचे चार बोल्ट एकेक करून पूर्ण न आवळता तिरप्या जोडीने थोडेथोडे आवळावेत आणि वरची व खालची फट सारखी ठेवावी, अन्यथा झाकण एका कडेवरच टेकते. काही स्टेममध्ये वरची फट मिटवूनच बसवण्याची रचना असते, तेथे निर्मात्याची सूचना पाळावी.

गावोगावच्या जुन्या काळ्या सायकलींत हँडलचा दांडा चिमट्याच्या नळीत उतरवलेला असतो आणि वरचा लांब बोल्ट आवळला की तळाचा शंकू वर ओढला जाऊन दांड्याचे चिरलेले टोक आतून फुगते. येथे शंकूवरचे आणि नळीतले जुने ग्रीस व माती साफ केल्याने बहुतेक दोष दूर होतो. त्याच सायकलींची सीट पुढे-मागे डुलत असेल, तर सीटखालच्या क्लिपच्या चकत्यांवरील दाते झिजलेले असतात आणि चकत्या बदलणे हाच उपाय उरतो.

दुरुस्ती टिकली की नाही हे पाहण्यासाठी सीटपोस्टवर कड्यालगत चिकटपट्टीचा वेढा द्यावा आणि हँडल व स्टेम यांवर एक सलग रेघ ओढावी. घाटातून परतल्यावर पट्टी कड्यात शिरली असेल किंवा रेघ तुटली असेल, तर गळती अजून शिल्लक आहे. नळीवर कोरलेली किमान खोलीची रेघ मात्र कधीही बाहेर दिसू देऊ नये, कारण घसरलेली सीट केवळ त्रास देते, पण अपुऱ्या खोलीवर बसवलेली नळी चौकट फोडून स्वाराला खाली पाडू शकते. पुढील लेखांकात चाकाच्या आऱ्यांचा ताण कसा जुळवावा याचा विचार होईल.